दप्तर, जमीन आणि मदत : पॉइन्सेट काउंटीच्या संदर्भात अमेरिकेतील शेती-साहाय्याचा इतिहास (१९३३ ते २०२१)

प्रस्तावना

इ. स. २०२० च्या मार्च-एप्रिल महिन्यांत कोरोना महामारीमुळे अमेरिकेतील उपाहारगृहे, शाळा आणि महाविद्यालयांची भोजनगृहे एकाएकी बंद झाली. दुधाला गिऱ्हाईक उरले नाही, म्हणून काही राज्यांत ते ओतून द्यावे लागले. मांसप्रक्रिया कारखान्यांतील कामगार आजारी पडल्याने कारखाने थांबले आणि पोसलेली जनावरे गोठ्यांतच अडकली. वाहतूक मंदावल्याने इंधनाची मागणी घटली आणि इथेनॉलसाठी जाणाऱ्या मक्याचे भाव कोसळले. २७ मार्च २०२० रोजी संमत झालेल्या केअर्स कायद्याने शेतकऱ्यांच्या मदतीसाठी मोठ्या रकमेची तरतूद केली. त्या एका वर्षात अमेरिकन शेतकऱ्यांना सरकारकडून थेट मिळालेली रक्कम सुमारे ४६ अब्ज डॉलर होती. आदल्या वर्षी ती सुमारे २२ अब्ज डॉलर होती. चालू किमतींनुसार पाहता तोवरच्या कोणत्याही वर्षी एवढी रक्कम वाटली गेली नव्हती.

या मदतीविषयी झालेली चर्चा प्रामुख्याने रकमेच्या आकाराभोवती फिरली. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : संकटकाळी सरकार ज्याला ‘शेतकरी’ म्हणून ओळखते तो कोण, आणि ही ओळख कोणत्या कागदावरून ठरते? अमेरिकेत हा कागद काउंटीच्या कार्यालयात असतो आणि त्याची परंपरा १९३३ सालापर्यंत मागे जाते. संकट बदलते, कायदा बदलतो, मदतीचे सूत्रही बदलते. परंतु मदत आधीच तयार असलेल्या दप्तराच्या वाटेने जाते. त्या दप्तरात ज्याचे नाव नाही, त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही किंवा फार उशिरा पोहोचते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

या विवेचनासाठी आर्कन्सॉ राज्याच्या ईशान्य भागातील पॉइन्सेट ही ग्रामीण काउंटी निवडली आहे. शेती-साहाय्यातून कोण वगळला जातो, हा प्रश्न याच काउंटीत १९३४ साली संघटितपणे विचारला गेला. आजही तेथील अर्थव्यवस्था भात, सोयाबीन, कापूस आणि मका या पिकांवर उभी आहे. म्हणून १९३३ चे आणि २०२० चे नियम एकाच भूमीवर ठेवून पाहणे येथे शक्य होते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. अमेरिकेतील शेती-साहाय्याची काउंटी पातळीवरील यंत्रणा कशी निर्माण झाली हे पाहणे.
२. १९३३ च्या कापूस करारातील आणि २०२० च्या महामारी-साहाय्यातील लाभार्थी ठरवण्याच्या नियमांची तुलना करणे.
३. वगळल्या गेलेल्यांसाठी झालेल्या दुरुस्तीच्या प्रयत्नांचे मूल्यमापन करणे.

काउंटी आणि तिचे कार्यालय

अमेरिकेत राज्याखालील प्रशासकीय विभागाला काउंटी म्हणतात. लोकसंख्येच्या मानाने ग्रामीण काउंटी आपल्या तालुक्यापेक्षाही लहान असू शकते. २०२० च्या जनगणनेनुसार पॉइन्सेट काउंटीची लोकसंख्या सुमारे २३ हजार होती. हॅरिसबर्ग हे तिचे मुख्य ठिकाण असून मार्क्ड ट्री, ट्रूमन, लेपँटो, वायनर आणि टायरोन्झा ही इतर गावे होत. काउंटीच्या मधून क्राउलीज रिज ही डोंगरसोंड जाते. तिच्या दोन्ही बाजूंना सपाट जमीन पसरली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी येथील जंगल तोडले गेले, पाणथळ जमिनीतील पाणी चर खणून काढून देण्यात आले आणि कापसाचे मोठे मळे उभे राहिले.

केंद्रीय कृषी खात्याच्या मदतीचे काम काउंटीतील ज्या कार्यालयातून चालते, त्याला १९९० च्या दशकापासून फार्म सर्व्हिस एजन्सी असे नाव आहे. देशभर अशी दोन हजारांहून अधिक कार्यालये आहेत. शेतकऱ्याने कोणत्या शेतात किती एकर कोणते पीक घेतले, त्यात त्याचा वाटा किती, मागील वर्षांचा उतारा किती, या साऱ्याची नोंद तेथे असते. आपल्याकडील पीकपेऱ्याच्या नोंदीशी तिचे साम्य आहे, पण ती आपोआप होत नाही. शेतकऱ्याने दर हंगामात स्वतः येऊन ती द्यावी लागते. कार्यालयावर स्थानिक शेतकऱ्यांनी निवडलेल्या काउंटी समितीची देखरेख असते. केंद्राचा पैसा स्थानिक शेतकऱ्यांच्या निर्णयाने वाटला जावा, या लोकशाही कल्पनेतून ही समिती जन्मली. तिच्या लोकशाहीत कोण सामावला होता, हे पुढील इतिहासावरून स्पष्ट होते.

१९३३ : कापसाचा करार

महामंदीच्या काळात शेतमालाचे भाव इतके घसरले की पीक काढण्याचा खर्चही निघेना. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने १२ मे १९३३ रोजी शेती समायोजन कायदा केला. उत्पादन कमी केले तर भाव वाढतील, हे त्याचे सूत्र होते. उत्पादन कमी करणाऱ्या शेतकऱ्याला सरकार रोख रक्कम देणार होते. कायदा झाला तेव्हा कापूस आधीच पेरला गेला होता, म्हणून त्या वर्षी उभ्या पिकात नांगर घालण्याचे करार झाले आणि एक कोटीहून अधिक एकर कापूस नांगरून टाकण्यात आला. करार करून घेण्याचे आणि एकर मोजण्याचे काम गावोगावच्या समित्यांकडे आले. काउंटीच्या दप्तराचा हा आरंभ होय.

दक्षिणेतील कापसाची शेती मात्र बहुतांशी मालक स्वतः करीत नव्हता. ती वाटेकरी करीत. जमीन, बी, अवजारे आणि खेचर मालकाचे, श्रम वाटेकऱ्याच्या कुटुंबाचे आणि पीक अर्धे-अर्धे, अशी ती पद्धत होती. वाटेकरी मालकाच्या दुकानातून उधारीवर सामान घेई आणि सुगीनंतर हिशेब मालकाच्या वहीत होई. या वाटेकऱ्यांत कृष्णवर्णीय आणि गोरे असे दोन्ही प्रकारचे लोक होते.

सरकारने करार केला तो जमीनमालकाशी. १९३४-३५ च्या करारानुसार पडीक ठेवलेल्या जमिनीबद्दल दर पौंड कापसामागे साडेतीन सेंट भाडे मिळे आणि एक सेंट पूरक रक्कम मिळे. भाडे मालकाचे होते. पूरक रक्कम पिकाच्या वाट्याप्रमाणे विभागायची होती, म्हणजे अर्धेलीने कसणाऱ्याच्या वाट्याला अर्धा सेंट येई. एकूण साडेचार सेंटांपैकी चार सेंट मालकाला आणि अर्धा सेंट वाटेकऱ्याला, अशी ही वाटणी होती. तो अर्धा सेंटही मालकाच्या हातून मिळायचा असल्याने पुष्कळदा जुन्या उधारीत वळता होई.

याहून गंभीर परिणाम वेगळा होता. जमीन पडीक ठेवायची असेल तर ती कसणाऱ्या कुटुंबाची गरज उरत नाही. करारातील सातव्या कलमात मालकाने शक्य तोवर वाटेकऱ्यांची नेहमीची संख्या कायम ठेवावी, असे म्हटले होते. पण ‘शक्य तोवर’ या शब्दांचा अर्थ ठरवणारी स्थानिक समिती बहुधा मालकांचीच होती. परिणामी हजारो कुटुंबे घर आणि शेत सोडून रस्त्यावर आली. भाव वाढले आणि मालकांना मदत मिळाली, त्यामुळे सरकारी हिशेबात योजना यशस्वी ठरली. बाहेर काढलेले कुटुंब त्या हिशेबात नव्हते.

टायरोन्झाची संघटना

पॉइन्सेट काउंटीतील टायरोन्झाजवळ हायरम नॉरक्रॉस यांच्या मळ्यावरून १९३४ मध्ये वाटेकरी कुटुंबांना काढण्यात आले. त्याच वर्षी जुलै महिन्यात जवळच्या एका शाळेत अकरा गोरे आणि सात कृष्णवर्णीय पुरुष एकत्र जमले आणि ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ स्थापन झाली. एच. एल. मिचेल आणि क्ले ईस्ट हे तिचे प्रमुख संघटक होते. मिचेल यांचे गावात कपडे धुण्याचे दुकान होते, तर ईस्ट पेट्रोलपंप चालवीत. वर्णभेदाचे कायदे अमलात असताना दोन्ही वर्णांच्या लोकांनी एकाच संघटनेत बसायचे ठरवले, हे त्या काळाच्या दृष्टीने असामान्य होते. संघटनेला मारहाण, अटका आणि सभाबंदी यांना तोंड द्यावे लागले.

संघटनेने न्यायालयातही दाद मागितली. सातव्या कलमानुसार आपल्याला काढता येत नाही, असे वाटेकऱ्यांचे म्हणणे होते. आर्कन्सॉच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३५ मध्ये ते अमान्य केले. करार मालक आणि कृषिमंत्री यांच्यातील असल्याने त्रयस्थ वाटेकऱ्याला त्याच्या आधारे हक्क सांगता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा निर्णय मूलभूत आहे. शेतात राबणारा माणूस आपल्याच शेताविषयीच्या कागदात त्रयस्थ ठरला.

वॉशिंग्टनमध्येही याच कलमावरून वाद पेटला. शेती समायोजन प्रशासनाचे विधी सल्लागार जेरोम फ्रँक आणि त्यांचे सहकारी यांनी वाटेकऱ्यांच्या बाजूने कलमाचा अर्थ लावला. प्रशासक चेस्टर डेव्हिस यांनी फेब्रुवारी १९३५ मध्ये फ्रँक आणि इतर काही अधिकाऱ्यांना काढून टाकले. कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांनी डेव्हिस यांना पाठिंबा दिला. आर्कन्सॉतील परिस्थिती पाहण्यासाठी पाठवलेल्या मेरी कॉनर मायर्स यांचा अहवालही प्रसिद्ध झाला नाही.

दुरुस्तीचा उलटा परिणाम

जानेवारी १९३६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मूळ कायद्याची करयोजना घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर आलेल्या १९३६ आणि १९३८ च्या कायद्यांनी वाटेकऱ्याचा वाटा वाढवला आणि रक्कम थेट त्याच्या नावे देण्याची व्यवस्था केली. सकृद्दर्शनी हा टायरोन्झाच्या आंदोलनाचा विजय होता. प्रत्यक्षात मात्र मालकापुढे नवा पर्याय उभा राहिला. वाटेकऱ्याला मदतीत वाटा द्यावा लागतो, रोजंदारीच्या मजुराला द्यावा लागत नाही. म्हणून अनेक मालकांनी वाटेकऱ्यांना मजूर केले आणि हाती आलेल्या सरकारी रकमेतून ट्रॅक्टर घेतले. पुढे कापूस वेचणारे यंत्र आले तेव्हा मजुराचीही गरज संपत गेली. दप्तरात वाटेकऱ्याचे नाव घालण्याचा नियम झाला आणि वाटेकरी हा वर्गच दप्तराबाहेर ढकलला गेला.

जे कृष्णवर्णीय शेतकरी स्वतःच्या जमिनीवर टिकून राहिले, त्यांना काउंटी समितीचा वेगळा अनुभव आला. १९६५ मध्ये अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने शेतीविषयक कार्यक्रमांची पाहणी करून दक्षिणेतील काउंटी समित्यांमधून कृष्णवर्णीय जवळजवळ पूर्णपणे वगळले गेल्याचे नोंदवले. कर्ज उशिरा मंजूर करणे, अर्जच न देणे, पेरणी उलटून गेल्यावर पैसे देणे अशा तक्रारी दशकानुदशके होत राहिल्या. १९२० मध्ये देशात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची संख्या सव्वानऊ लाखांच्या आसपास होती आणि एकूण शेतकऱ्यांत त्यांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. २०१७ च्या कृषिगणनेत त्यांचे प्रमाण १.४ टक्के उरले. या घसरणीस शहरांकडील स्थलांतर, वारसाहक्कातील गुंतागुंत आणि यांत्रिकीकरण ही कारणेही आहेत, परंतु सरकारी कर्ज आणि साहाय्य यांतील भेदभाव हे त्यांतील एक सिद्ध कारण होय. १९९७ मध्ये दाखल झालेल्या पिगफर्ड खटल्यात १९९९ साली तडजोड मान्य झाली आणि सुमारे एक अब्ज डॉलर भरपाई दिली गेली. मुदतीत अर्ज न करू शकलेल्यांसाठी २०१० मध्ये आणखी १.२५ अब्ज डॉलरची तरतूद करावी लागली.

महामारीपूर्वीची तालीम : २०१८-१९

२०२० ची मदत शून्यातून निर्माण झाली नाही. २०१८ मध्ये चीनशी व्यापारयुद्ध सुरू झाले आणि सोयाबीनची निर्यात घटली, तेव्हा ट्रम्प प्रशासनाने १२ अब्ज डॉलरपर्यंतची आणि २०१९ मध्ये १६ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. त्यासाठी १९३३ मध्येच स्थापन झालेल्या कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाचा निधी वापरला गेला. २०१९ च्या वाटपात प्रमुख पिकांसाठी प्रत्येक काउंटीचा एकच दर ठरवण्यात आला. तो एकरी १५ डॉलरपासून १५० डॉलरपर्यंत होता. शेजारच्या दोन काउंट्यांत तेच पीक घेणाऱ्यांना वेगवेगळी रक्कम मिळू शकली. महामारी आली तेव्हा संसदेबाहेरून, महामंडळाच्या निधीतून आणि काउंटीच्या दप्तरावरून पैसे पाठवण्याची सवय यंत्रणेच्या अंगवळणी पडली होती.

२०२० : महामारी-साहाय्याचे नियम

१७ एप्रिल २०२० रोजी कृषिमंत्री सनी पर्ड्यू यांनी ‘कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्रॅम’ (यापुढे ‘सीफॅप’) ही १९ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली. त्यांपैकी १६ अब्ज डॉलर शेतकऱ्यांना थेट द्यायचे होते आणि ३ अब्ज डॉलर अन्नधान्य खरेदी करून गरजूंना वाटण्यासाठी होते. २६ मेपासून अर्ज घेण्यास सुरुवात झाली. कार्यालये लोकांसाठी बंद असल्याने अर्ज दूरध्वनी, टपाल आणि ई-मेलद्वारे घेतले गेले. ज्याची कागदपत्रे कार्यालयात आधीपासून होती, त्याला मुख्यतः एकच नवा अर्ज भरावा लागला. ज्याने पूर्वी कधीच कार्यालयाची पायरी चढली नव्हती, त्याला उत्पन्नाचे प्रमाणपत्र, जमिनीची माहिती आणि बँकेचा तपशील हे सारे नव्याने द्यावे लागले. जलद इंटरनेट नसलेल्या ग्रामीण भागात हा फरक लहान नव्हता.

पहिल्या फेरीत जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ज्या पिकांचे भाव ५ टक्के किंवा त्याहून अधिक घसरले, ती पिके पात्र धरण्यात आली. मका, सोयाबीन आणि कापूस या यादीत होते. पॉइन्सेटचे मुख्य पीक असलेला भात मात्र नव्हता. १७ सप्टेंबरला जाहीर झालेल्या दुसऱ्या फेरीत भाताचा समावेश झाला आणि त्याला एकरी १५ डॉलरचा सपाट दर मिळाला. डिसेंबर २०२० च्या कायद्याने अशा पिकांना आणखी एकरी २० डॉलर देण्याचे ठरवले. व्यक्तीमागे मदतीची कमाल मर्यादा अडीच लाख डॉलर होती. कंपनीच्या स्वरूपात शेती करणाऱ्या तीन भागधारकांनी प्रत्येकी किमान ४०० तास काम केले असेल तर ती मर्यादा साडेसात लाखांपर्यंत जाऊ शकत होती. दोन्ही फेऱ्या मिळून सुमारे ३१ अब्ज डॉलर वाटले गेले.

सूत्राचे गणित

नियमांचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होतो. समजा, एका शेतकऱ्याने २०१९ मध्ये १,००० एकर सोयाबीन घेतले आणि एकरी ५० बुशेलप्रमाणे त्याला ५०,००० बुशेल उत्पन्न झाले. पहिल्या फेरीत निम्मे उत्पादन, किंवा १५ जानेवारी २०२० रोजी भाव न ठरता शिल्लक असलेला साठा, यांपैकी जे कमी ते विचारात घ्यायचे होते. त्याच्या कोठारात २५,००० बुशेल शिल्लक असतील तर दोन निधींच्या दरांची सरासरी, म्हणजे बुशेलमागे साडेसत्तेचाळीस सेंट, धरून त्याला ११,८७५ डॉलर मिळतील. ४० एकरांच्या शेतकऱ्याला त्याच हिशेबाने ४७५ डॉलर मिळतील. एकरी रक्कम दोघांना सारखीच आहे, म्हणून नियमाला कागदावर पक्षपाती म्हणता येणार नाही.

पण ४० एकरांच्या शेतकऱ्याकडे स्वतःचे कोठार नसेल आणि कर्जफेडीसाठी त्याने मळणी होताच माल विकला असेल, तर १५ जानेवारीला त्याचा साठा शून्य भरतो आणि मदतही शून्य. ज्याच्याजवळ थांबण्याची ऐपत होती त्याचे नुकसान मोजले गेले. ज्याला थांबता आले नाही तो मोजणीतच आला नाही. साठ्याच्या अटीमागे तर्क होता, कारण महामारीपूर्वीच माल विकलेल्याला महामारीतील घसरणीचा फटका बसला नव्हता. मात्र त्यानंतर त्या शेतकऱ्याच्या घराला बसलेले इतर फटके मोजण्याची सोय सूत्रात नव्हती. भाताच्या बाबतीत साठ्याची अट नव्हती. तेथे १,००० एकरांना दोन्ही दर मिळून ३५,००० आणि ४० एकरांना १,४०० डॉलर असे प्रमाण पडते.

१९३३ च्या तुलनेत एक सुधारणा मान्य केली पाहिजे. सीफॅपची रक्कम जमिनीच्या मालकाला तो मालक आहे म्हणून मिळत नव्हती. पिकाची जोखीम जो घेतो त्याला ती मिळत होती. रोख खंडाने जमीन देणारा मालक अपात्र होता आणि खंडकरी पात्र होता. टायरोन्झाच्या वाटेकऱ्यांनी जे मागितले होते, ते नव्वद वर्षांच्या आतच नियमात उतरले. मात्र ‘टेनंट’ या शब्दाचा अर्थ तोवर पालटला होता. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात आज खंडाने शेती करणारा पुष्कळदा हजारो एकर कसणारा, अवाढव्य यंत्रांचा धनी असतो. १९३४ च्या वाटेकऱ्याचा सामाजिक वारस शोधायचा तर तो आज शेतमजुरांत आणि मांसप्रक्रिया कामगारांत सापडतो, आणि ते सीफॅपच्या बाहेर होते.

सूत्राबाहेरचे लोक

शेतमजुरांना सरकारने ‘अत्यावश्यक’ ठरवून कामावर राहण्यास सांगितले. दाटीच्या निवासस्थानांत राहणाऱ्या आणि कारखान्यात खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या या लोकांत संसर्ग वेगाने पसरला. त्यांच्यासाठी प्रत्येकी ६०० डॉलरची एकरकमी मदत सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झाली आणि ती स्वयंसेवी संस्थांमार्फत त्यानंतर वाटली गेली, कारण कृषी खात्याच्या दप्तरात मजुरांची नोंदच नव्हती. कंपन्यांसाठी कोंबड्या वाढवणारे कंत्राटी शेतकरीही आरंभी वगळले गेले. पक्षी कंपनीचे, म्हणून भावाची जोखीमही कंपनीची, असा नियमाचा तर्क होता. पण कंपनीने पिल्ले पाठवली नाहीत तर रिकाम्या शेडच्या कर्जाचा हप्ता त्या शेतकऱ्यालाच भरावा लागत होता. डिसेंबर २०२० च्या कायद्याने ही त्रुटी दूर केली.

वर्णाच्या प्रश्नावर सर्वाधिक चर्चा झाली. कृषिमंत्री टॉम व्हिलसॅक यांनी मार्च २०२१ मध्ये सांगितले की, तोवर वाटलेल्या सुमारे २६ अब्ज डॉलरपैकी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना केवळ २ कोटी ८ लाख डॉलर, म्हणजे ०.१ टक्का मिळाले. हा आकडा सावधपणे वाचला पाहिजे. २०१७ च्या कृषिगणनेनुसार कृष्णवर्णीयांच्या शेतांचा एकूण विक्रीतील वाटा ०.४ टक्के होता. मदत उत्पादनाच्या प्रमाणात दिल्यास शेतकऱ्यांच्या १.४ टक्के संख्येला १.४ टक्के रक्कम मिळणे शक्यच नव्हते. म्हणजे दरीचा मोठा भाग २०२० च्या कोणत्याही अधिकाऱ्याच्या पक्षपातातून आलेला नसून शेतांच्या आकारातून, म्हणजे मागील शतकातील जमीन गमावण्याच्या इतिहासातून आलेला आहे. पण ०.४ आणि ०.१ यांमधील अंतर तेवढ्याने भरून निघत नाही. कोणती पिके आणि कोणती जनावरे पात्र, कार्यालयाशी संबंध किती जुना, आणि त्या कार्यालयावर विश्वास किती, या गोष्टींकडे ते अंतर बोट दाखवते. ज्या दारातून आजोबांना परत पाठवले गेले, त्या दारात नातू सहजासहजी अर्ज घेऊन जात नाही.

दुरुस्तीचे प्रयत्न

बायडेन प्रशासनाने मार्च २०२१ मध्ये दुसऱ्या फेरीचे अर्ज पुन्हा खुले करण्याचे जाहीर केले आणि वंचित शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्यासाठी संस्थांना निधी दिला. त्याच महिन्यातील ‘अमेरिकन रेस्क्यू प्लॅन’ कायद्याच्या कलम १००५ ने कृष्णवर्णीय, मूलनिवासी, हिस्पॅनिक आणि आशियाई शेतकऱ्यांची सरकारी कर्जे फेडण्यासाठी सुमारे ४ अब्ज डॉलर दिले. गोऱ्या शेतकऱ्यांनी हा वर्णाधारित भेदभाव असल्याचे सांगून दावे दाखल केले. जून २०२१ मध्ये न्यायालयांनी अंमलबजावणी थांबवली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये संसदेने ते कलमच रद्द केले. त्याऐवजी अडचणीतील कर्जदारांसाठी ३.१ अब्ज आणि पूर्वी भेदभाव सोसलेल्यांसाठी २.२ अब्ज डॉलरची तरतूद झाली. दुसऱ्या तरतुदीतून ४३ हजारांहून अधिक व्यक्तींना रक्कम मंजूर झाल्याचे जुलै २०२४ मध्ये जाहीर झाले. सीफॅपची पहिली रक्कम अर्ज सुरू झाल्यानंतर काही दिवसांतच खात्यांवर जमा होऊ लागली होती. तिच्यातील त्रुटींवरचा उपाय चार वर्षांनी पोहोचला.

घाईने वाटलेल्या पैशाची तपासणीही अपुरी होती. संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २०२२ मध्ये सीफॅपच्या देयकांची अधिक काटेकोर पडताळणी करावी अशी शिफारस केली. म्हणजे दप्तरावर आधारलेली पद्धत जितकी बंदिस्त होती तितकी अचूक नव्हती. या पद्धतीच्या बाजूने मुख्य युक्तिवाद वेगाचा होता आणि तो बिनतोड आहे. संकट सुरू झाल्यावर नवी यादी करता येत नाही, आहे ती यादीच वापरावी लागते. म्हणूनच यादी संकटापूर्वी कशी आहे, हा प्रश्न प्रशासकीय न राहता राजकीय ठरतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात

हा प्रश्न मराठी अभ्यासकाला परका नाही. महामारीच्या काळात भारत सरकारने २६ मार्च २०२० रोजी पीएम-किसान योजनेचा २,००० रुपयांचा हप्ता आगाऊ देण्याचे जाहीर केले. लाभार्थी ८ कोटी ७० लाख होते. ही योजना जमीनधारणेच्या नोंदीवर आधारलेली आहे. महाराष्ट्रात सातबारावर नाव असणे ही तिची पहिली पायरी होय. वाट्याने किंवा तोंडी खंडाने शेती करणारे, नवऱ्याच्या नावावरील शेत कसणाऱ्या स्त्रिया आणि भूमिहीन मजूर या पायरीपाशीच थांबतात. येथे रक्कम एकरांच्या प्रमाणात वाढत नाही, हा अमेरिकन पद्धतीहून महत्त्वाचा फरक आहे. पण दप्तरातील नावाचे महत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

याच महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात वेगळा मार्गही दाखवला होता. वि. स. पागे यांच्या प्रयत्नातून आकाराला आलेल्या आणि १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळालेल्या रोजगार हमी योजनेत जमिनीचा उतारा विचारला जात नव्हता. काम मागणे हीच पात्रता होती. त्या योजनेच्याही मर्यादा होत्या आणि संसर्गाच्या काळात सामूहिक कामे काढणे सोपे नव्हते. तथापि, मदत मागणाऱ्याने स्वतःची गरज सांगावी आणि सरकारने ती नोंदवावी, हे तत्त्व दप्तराधारित मदतीच्या अगदी उलट टोकाचे आहे.

निष्कर्ष

१. अमेरिकेतील महामारी-साहाय्याची यंत्रणा १९३३ च्या कापूस करारातून घडलेली होती. काउंटी कार्यालय, एकरांची नोंद, स्थानिक समिती आणि कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन हे तिचे चारही आधार त्या काळाशी जोडलेले आहेत.

२. लाभार्थी ठरवण्याचा निकष जमिनीच्या मालकीकडून पिकाच्या जोखमीकडे सरकला, ही खरी प्रगती होय. परंतु जोखीम म्हणजे केवळ भावाची जोखीम, अशी संकुचित व्याख्या केल्याने मजूर आणि कंत्राटी उत्पादक यांची जोखीम मोजली गेली नाही.

३. उत्पादनाच्या प्रमाणात दिलेली मदत वरकरणी समान असते, पण उत्पादनाचे विद्यमान प्रमाण ज्या अन्यायातून घडले तो अन्याय ती पुढे चालवते. त्यासाठी कोणाचा दुष्ट हेतू असण्याची आवश्यकता नसते.

४. नंतरच्या दुरुस्त्या उशिरा होतात, न्यायालयात अडकतात आणि १९३६ नंतर घडल्याप्रमाणे कधी कधी उलटतात.

५. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकन संसदेने पुन्हा १० अब्ज डॉलरची एकरी मदत मंजूर केली. आपत्कालीन मदत ही नित्याची बाब होत असताना आपत्तीपूर्वीच नोंदणी व्यापक करणे, म्हणजे कसणाऱ्या, राबणाऱ्या आणि पोसणाऱ्या प्रत्येकाचे नाव शांततेच्या काळात दप्तरात घेणे, हाच परिणामकारक उपाय ठरतो. टायरोन्झाच्या शाळेत जमलेल्या अठरा जणांची मागणीही मुळात एवढीच होती : शेताविषयीच्या कागदावर शेतात राबणाऱ्याचे नाव असावे.